भारी आणि बरड

सामना संपला की बास्केट सर आधी हरलेल्या संघाकडे जात. जिंकलेली पोरं कौतुकाची वाट पाहत उभी असत आणि सर पलीकडे हरलेल्यांच्या घोळक्यात उकिडवे बसून विचारत असत, "कुठं अडकले?" जिंकणाऱ्याला आपण का जिंकलो ते सांगता येत नाही, हरलेल्याला सगळं तोंडपाठ असतं, असं त्यांचं म्हणणं. घाटंजीच्या आठवडी बाजारातही तेच. बाजार कसा भरला हे ते मधल्या मोठ्या दुकानदाराला विचारत नसत. अगदी टोकाला पाल टाकून बसलेल्या बाईला विचारत.

ते आमच्या शाळेत व्यायामाचे शिक्षक होते. बास्केटबॉल त्यांनीच गावात आणला, म्हणून ते बास्केट सर. रिंग त्यांनी गावातल्या लोहाराकडून करवून घेतली होती आणि ती नियमापेक्षा दोन बोटं लहान निघाली. सरांनी ती बदलली नाही. त्यामुळे आमचा संघ घरी रडतखडत खेळे आणि बाहेरगावी गेला की सगळ्यांना थक्क करी.

मी उंच होते म्हणून मला संघात घेतलं होतं. चेंडू हातात आला की मी तो नेमका समोरच्या संघाला देई. दोन आठवडे हे पाहून सरांनी मला बाकावर बसवलं, मांडीवर वही ठेवली आणि म्हणाले, "तू खेळू नोको पोरी. तू लिहून ठेव." तेव्हापासून मी लिहून ठेवते आहे. आज यवतमाळच्या एका कार्यालयात माझ्या टेबलावर रोज तीन याद्या असतात: आजच्या कामांची, राहिलेल्या कामांची आणि लोकांनी करतो म्हणून न केलेल्या कामांची. सर मला यादीबाई म्हणत.

निवृत्तीनंतर गुडघे गेले आणि सर मोबाइलवर बास्केटबॉल खेळायला लागले. यात चेंडू नसतोच. आपण संघमालक व्हायचं, खेळाडू घ्यायचे, सोडायचे, कोणी किती वेळ खेळायचं ते ठरवायचं. सामना संगणक लावतो आणि सकाळी निकाल येतो. बाकीचे मालक देशोदेशीचे. अशा लीग पुष्कळ असतात आणि प्रत्येकीतले लोक आपलीच लीग सगळ्यात अटीतटीची म्हणून भांडतात. सर त्या वादात पडत नसत. ते तीन लीगमध्ये एकेक संघ चालवत आणि वहीत तुलना मांडत. त्यांची कसोटी एकच: शेवटच्या नंबरच्या संघानं पहिल्या नंबरच्या संघाला हंगामात किती वेळा पाडलं? "पह्यल्याकडं पाहून लीग समजत नाही," ते म्हणत. "शेवटच्याले विचारा." काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, म्हणत की या माणसानं जन्मभर शेवटच्यालाच विचारलं, म्हणून घरात मला कधी काही विचारलं नाही.

मागच्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आठवड्याभरात हलू लागला, पाय मागोमाग आला. बोलणं मात्र एका शब्दावर येऊन थांबलं: "बरं." जेवता का? बरं. दुखतंय का? बरं. वाचा येईल, पण किती ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. आम्हाला भीती वेगळीच होती. त्या "बरं"च्या मागे सर शिल्लक आहेत की नाहीत, हे कोणालाच कळत नव्हतं. काकू मला फाटकापर्यंत सोडायला येत आणि हळूच विचारत, "तुले ओळखलं का वं त्यायनं?" मी हो म्हणत असे. खात्री मलाही नव्हती.

नागपूरहून त्यांची मुलगी आली. तिनं ठरवलं की डोक्याला ताण नको, मोबाइलवर एकच संघ ठेवायचा. ते काम माझ्याकडे आलं. घाई होती, कारण बरेच दिवस मालक फिरकला नाही तर संघ दुसऱ्याला देतात. मी सरांची वही उघडली. लीगची मूळ नावं त्यांनी लिहिलीच नव्हती. तीन पानांच्या डोक्यावर तीनच शब्द होते: भारी, मध्यम, बरड.

"सर, भारी ठेवू?" मी विचारलं.

"बरं."

"का बरड ठेवू?"

"बरं."

मी निर्णय घेतला. सर्वांत अटीतटीची ती भारी, उघडच होतं. उरलेल्या दोन्ही लीगना मी मोबाइलवर भाषांतर करून रीतसर पत्रं पाठवली: प्रकृती अस्वास्थ्यामुळे संघाचा पदभार सोडत आहोत, सहकार्याबद्दल आभारी आहोत. यादीवर दोन बरोबरच्या खुणा केल्या.

पुढच्या रविवारी घाटंजीला गेले. सर पलंगावर बसून बशीतून चहा पीत होते. मी नेहमीप्रमाणे यादी वाचून दाखवली. औषधं आणली. फिजिओथेरपीची वेळ बदलून घेतली. भारी लीग ठेवली, मध्यम आणि बरड सोडली.

बशी ओठांपाशी थांबली.

"काहून?" सर म्हणाले.

मी यादीतून मान वर केली. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी होती, मी चेंडू समोरच्या संघाला दिल्यावर पडायची ती.

"भारी होती म्हणून, सर."

"भारी..." त्यांना शब्द ओढून काढावे लागत होते, पण ते काढत होते. "भारी जमीन. काळी. येड्यानं फेकलं तरी उगवते तिथं. त्यात... कायची कुस्ती? बरडावर पीक काढून दाखवा लागते. बरड सोडली तू?"

सर शेतकऱ्याच्या घरचे, कपाशीच्या रानात वाढलेले. माझे वडील तहसील कचेरीत. आमच्या घरात जमीन म्हणजे सातबारा. ती भारी असते, हलकी असते, मुरमाड माळाला बरड म्हणतात, हे मला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका आजारी माणसाची बोलणी खाऊन कळलं.

"इतकी वर्षं लिहून राह्यली," सर म्हणाले, "वाचत जाय ना वं कधी."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हाताला कणीक तशीच. त्या तिथंच खाली बसल्या, पदराऐवजी कणकेच्या हातानंच डोळे पुसले आणि म्हणाल्या, "रागवा. अजून रागवा तिले." इतकं हलकं मला कोणत्याही शाबासकीनं वाटलेलं नाही.

संघ मात्र गेला होता. मी त्याच दुपारी बरडवाल्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं, सरांचा संघ नव्या माणसाला देऊन झाला होता. एकच संघ रिकामा होता, शेवटच्या नंबरचा, मालक कंटाळून सोडून गेलेला. मी चाचरत हे सांगितलं. सर म्हणाले, "मंग तोच घे."

दिवाळीनंतर सर आणि काकू मुलीकडे नागपूरला राहायला गेले. घाटंजीचं घर बंद करताना कुलपं, गॅस, दूध, वीज अशी सगळी यादी मीच केली. सर रिक्षात बसेपर्यंत शाळेतून आणून अंगणात लावलेल्या त्या लहान रिंगकडे पाहत होते. मी विचारलं, काढून पाठवू का? म्हणाले, "राहू दे. तिथं सारं मापात असते."

आता दर सोमवारी सकाळी त्यांचा निरोप येतो. डाव्या हातानं टाइप करतात, म्हणून छोटा असतो. हरलो. हरलो. चार गुणांनी हरलो. मी माझ्या यादीत तो उतरवते आणि कामाला लागते. या सोमवारी निरोप थोडा लांब होता:

"शेवटच्यानं पह्यल्याले पाडलं. लिहून ठेव."

कार्यालयात फायली घेऊन लोक उभे होते. त्यांना थांबायला सांगून मी आधी ते लिहून ठेवलं, आणि मग एकदा वाचलंही.