दाढेला पाजलेलं दूध

"कुणी ओतलं यात दूध? आधी ते सांगा!"

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाई अशा ओरडल्या, की पन्हाळ्यावरची माकडं ज्योतिबाच्या डोंगराकडं पळाली असतील. त्यांच्या हातातल्या काचेच्या बशीत माझ्या अक्कलदाढेतल्या पेशी वाढायला हव्या होत्या. वाढलं होतं भलतंच. गढूळ, आणि नासक्या वासाचं.

मी सोन्याचा कोल्हापुरी साज घडवणारा कारागीर. अख्ख्या गुजरीत, सराफांच्या त्या पेठेत, माझा हात एवढा बारीक, की ब्रह्मदेवसुद्धा डासाचे पाय लावताना मला विचारून लावत असे. मनगटात काच घुसली, मज्जातंतू तुटला आणि उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. निखारा धरला तरी कातडी जळाल्याचा वास आल्यावर कळायचं. बाईंची चाचणी चालू होती: दाढेच्या गरातल्या पेशी वाढवायच्या, बारीक नळीत भरायच्या, ती नळी तुटल्या जागी बसवायची. तंतू कदाचित पुन्हा जोडला जाईल. त्या 'कदाचित'वर मी जगत होतो. बाकी सगळ्या दाढा किडलेल्या, कामाची अशी ही एकच.

दाढ काढली त्या दिवशी मी तोंडात बोळा धरून दंतवैद्याकडं पडलो होतो. दाढेची कुपी बर्फाच्या डब्यात घेऊन माझा थोरला भाऊ प्रयोगशाळेकडं पुढं गेला. दुकान आम्हा दोघांचं.

"मीच वतलं," दादा छाती काढून म्हणाला. "कुपीत नुसतं गुलाबी पाणी व्हतं की ओ बाई. त्यात जीव काय तग धरणार? वाटंत दूध-कट्ट्यावर म्हशी पिळत व्हते. पाणी फेकलं, धारोष्ण घातलं. आमच्या तालमीतली पोरं त्याच्यावरच..."

"मी इथं पैलवान वाढवत नाही! त्या पाण्यातच पेशी जगणार होत्या. दुधातले जंतू वाढले, पेशी मेल्या!"

"म्हस निरोगी हाय. तुमची बशीच घाण आसंल."

बाईंनी बशी बाजूला ठेवली. "यांना आता चाचणीत घेता येणार नाही. बाहेर व्हा, दोघंही."

गाडीतळावर मी त्याची कॉलर धरायला गेलो. उजव्या हाताच्या त्या दोन बोटांत कापड आलं की नाही, तेच कळेना. मग डाव्यानं धरली आणि अशी आवळली, की शिरोळपर्यंतच्या ट्रॅक्टरांचासुद्धा श्वास कोंडला असेल.

"दादा, वाटोळं केलंस माझ्या हाताचं! आता मी दुकानात बसून काय करू? माशा मारू?"

त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, कॉलर नीट केली.

"तू घरी बस. दुकान मी बघतो."