लाल कार्ड आणि शहाणी माणसं

काही किस्से मुद्दाम साठवावे लागतात, आमचे आपोआप साठतात. ग्रुपला वर्ष झालं आणि माझी दोनशे पानी वही भरली. लोक आम्हाला मंदबुद्धी म्हणतात. पण वहीत जेवढा येडेपणा लिहिलाय, तो सगळा शहाण्या माणसांचा आहे. एक सोडून. तो माझा. तो शेवटी सांगतो.

आधी ग्रुप कोणता ते सांगतो. महिन्यातले दोन शनिवार आम्ही मंठ्याला एका सेठजींच्या कापड दुकानामागच्या खोलीत जमतो. शिकायला आणि समजायला आम्हाला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो, एवढंच आमच्यात सारखं. मी विलास. माझी शाळा सातवीत सुटली, आता दवाखान्यासमोरच्या हॉटेलात चहा करतो. शेषराव मामा पन्नाशीचे. अंकुशनगरला कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांड्यांचं काम बघतात आणि बस बदलत येतात. नंदाताई वाटूरची, छत्तीस वर्षांची, चार शेळ्यांची मालकीण. कदम मॅडम मदतीला असतात, पण ठरवायचं आम्ही.

पहिल्या मीटिंगला मॅडमनी विचारलं, कोणाला काय पाहिजे? मामा म्हणाले, “खुर्ची. मला समदीकडं खाली बसवतेत.” मी वहीत लिहीत राहिलो, मला बोलायची लाज वाटते. नंदाताई म्हणाली, “मला वाटूरलाच राहायचंय.”

तिच्या भावाने तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या आश्रमात ठेवायचं ठरवलं होतं. तिचे सगळे निर्णय आपल्याला घेता यावेत, असा अर्जही त्याने जालन्याला कलेक्टर कचेरीत दिला होता. एक दिवस साहेबापुढे बोलावणार, हे नक्की होतं. पण अनोळखी माणसापुढे नंदाताईचा आवाज बसतो. म्हणून दर मीटिंगला ती आमच्यापुढे उभी राहून एकच वाक्य म्हणायची: “मी वाटूरलाच राहणार.”

आणि आमची कार्डं. प्रत्येकाच्या खिशात तीन. हिरवं म्हणजे पटलं. पिवळं म्हणजे समजलं नाही, सोपं करून सांगा. लाल म्हणजे थांबा, माझ्याबद्दल माझ्याशी बोला. ती आम्ही सेठजींच्या घरच्या जुन्या लग्नपत्रिका कापून केली. त्यामुळे नंदाताईच्या लाल कार्डामागे छापलेलं आहे, ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’

*

दिव्यांगांच्या कार्यक्रमाला आम्हाला बोलावलं, म्हणजे पहिल्या रांगेत बसवलं. प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले. “हे बोलू शकत नाहीत, आपण यांचा आवाज व्हायचं.” हे वाक्य चार वेळा आलं, मी मोजलं. दुसऱ्या वेळी मामांनी पिवळं कार्ड दाखवलं. तिसऱ्या वेळी नंदाताईने लाल. चौथ्या वेळी मामांनीही लाल.

पाहुण्यांना वाटलं, त्यांच्या स्वागताला झेंडे आहेत. त्यांनी हात हलवला. निवेदकाने टाळ्या मागितल्या. मग आयोजकांनी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, “पुढच्या साली हीच मुलं मिळतील का?”

मुलं! मामांना नातू आहे.

*

केळ्यांचं मला आजवर कळलेलं नाही. मोठी माणसं आमच्याकडे आली की केळी घेऊनच येतात. एका हातात केळं, आमच्या खांद्यावर दुसरा हात, फोटो. यंदा एका क्लबचे लोक आले आणि मामांनी त्यांना साधा सवाल केला, तुमच्या मीटिंगला येणाऱ्यालाही केळी देता का? ते हसले. मामांना वाटलं, म्हणजे बिचाऱ्यांना कोणी देत नसेल.

पुढच्या शनिवारी मामांनी ठराव मांडला. सगळी कार्डं हिरवी. मामा इस्त्रीचा शर्ट घालून दोन डझन केळी घेऊन त्या क्लबच्या मीटिंगला गेले. प्रत्येकाच्या हातात केळं, खांद्यावर हात, आणि मला म्हणाले, “काढ फोटू.” तिथे डॉक्टर होते, वकील होते, दोन व्यापारी होते. कोणालाच केळं खाता येईना आणि ठेवताही येईना.

निघताना मामा अध्यक्षांना म्हणाले, “लाजू नका. पुन्हा येऊ.”

*

बसमध्ये कंडक्टर आम्हाला तिकीट विचारत नाही, शेजारच्याला विचारतो. नंदाताई आणि मॅडम मंठ्याहून बसल्या. कंडक्टर मॅडमना म्हणाला, “ह्या बाईला कुठं उतरायचंय?” नंदाताईने लाल कार्ड वर केलं.

त्याने बेल मारली. बस तुरीच्या रानात थांबली. ड्रायव्हरने मान वळवली, अर्धी बस उठून उभी राहिली. कंडक्टर घाबरून मॅडमना म्हणतो, “उलटी येऊन राह्यली का त्यायला?”

नंदाताईने आधी कार्ड खिशात ठेवलं. मग म्हणाली, “मला इचारा. वाटूर फाटा. एक.”

हे तिचं अनोळखी माणसापुढचं पहिलं वाक्य. वाटूरचं होतं, पण ‘राहणार’ त्यात नव्हतं. मीटिंगला तिने ते सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, “अर्धं तर झालं.”

*

माझं दिव्यांगाचं प्रमाणपत्र नवं करायचं होतं, म्हणून आईला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी सगळं आईला विचारलं. याला स्वतःच्या हाताने जेवता येतं का? आंघोळ करतो का? रस्ता ओळखतो का? मी समोरच्या स्टुलावर बसलेलो. माझा हात खिशात, लाल कार्डावर. वर काही आला नाही. वर्षभरात तो एकदाही आला नव्हता.

शेवटी त्यांनी विचारलं, कामधंदा काही?

आई म्हणाली, “साहेब, तुमचा सकाळचा कमी साखरेचा चहा कोण आणून देतंय?”

तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. चहा फार छान असतो म्हणाले. पण हेसुद्धा त्यांनी आईलाच सांगितलं.

*

मग जालन्याचं बोलावणं आलं. नंदाताई, तिचा भाऊ, मॅडम, मामा आणि मी. साहेबांनी पंधरा मिनिटं भावाला विचारलं आणि भावाने आश्रमाचं गुणगान लावलं. खोलीत पंखा, हॉलमध्ये टीव्ही, दोन टाइम गरम जेवण, सकाळी दूध, कामाचं नाव नाही. मला तर वाटलं, हा जागा विकायलाच आलाय.

साहेबांनी भावालाच विचारलं, “यांचं काय म्हणणं आहे?”

नंदाताईने लाल कार्ड टेबलावर ठेवलं. साहेबांनी ते उलटं करून वाचलं. “कोणाचं लग्न आहे?”

मॅडमनी कार्डाचा अर्थ सांगितला. साहेबांनी चष्मा काढला आणि वर्षात पहिल्यांदा एका शहाण्या माणसाने बरोबर ठिकाणी तोंड वळवलं. “बोला ताई, तुम्हाला काय पाहिजे?”

नंदाताईचा आवाज बसला. ओठ हलत होते, बाहेर काहीच येत नव्हतं. भाऊ म्हणाला, “बघा साहेब, तिला बोलताच येत न्हाई.”

माझ्या डोक्यात काय शिरलं, माहीत नाही. गिऱ्हाइकाला ‘साखर कमी का’ विचारायला लाजणारा मी, खुर्ची मागे सारून उभा राहिलो. “साहेब, तिला वाटूरलाच राहायचंय. तिला आश्रमात जायचं न्हाई. तिचं म्हणणं असं हाये की...”

माझ्या नाकासमोर लाल कार्ड.

“इलास, खाली बस,” नंदाताई म्हणाली. “मला इचारलंय त्यांनी.”

मी बसलो.

मग ती साहेबांकडे वळली. “मी वाटूरलाच राहणार. माझ्या चार शेळ्या हायेत, त्यायचं समदं मीच करते. घरचा सैपाक मी करते. तिथं पंखा हाये, दूध हाये, काम न्हाई, तर दादाला पाठवा. लई दमून राह्यला त्यो.”

मामांनी हिरवं कार्ड दोन्ही हातांनी वर धरलं.

साहेबांनी अर्ज भावाकडे सरकवला. त्या तयार नाहीत, आणि तुमच्या अर्जाची गरजही मला दिसत नाही, म्हणाले. नंदाताईचा जबाब लिहून घ्यायला सांगितलं. कागद तयार झाला तेव्हा ते जेवायला निघाले होते. उभ्याउभ्याच त्यांनी मॅडमना विचारलं, “यांची सही घ्यायची की अंगठा?”

नंदाताईचा हात कार्डाकडे गेला. साहेबांनी तो बघितला आणि झटकन तिच्याकडे वळले. “ताई, सही की अंगठा?”

“सही,” नंदाताई म्हणाली. “पण येळ लागंल. बसा तवर.”

साहेब बसले.