चाकावरचं तूप

सावंतांच्या पांढऱ्या गाडीची मागची सीट उसवली होती, हे मुलुंडच्या गव्हाणपाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नसराईच्या तोंडावर नीलमने गाडीवर मोठा खर्च काढला, तेव्हा सगळे धरूनच चालले की आता क्रीम रंगाचं लेदर चढणार. चढलं काहीच नाही. गाडी दिवसभर प्रितमच्या गॅरेजात जॅकवर उभी राहिली आणि संध्याकाळी गेली तशीच परत आली. फक्त चाकांच्या आऱ्यांतून आत काहीतरी लखलखत होतं.

"ह्या काय?" तिच्या नवऱ्याने, सहदेवने, वाकून, डोळे बारीक करून विचारलं.

"ब्रेक. डिस्क नव्या, पॅड नवे. चारही चाकांना."

"आणि सीट?"

"सीट उसवली म्हणून नवरी पडत नाही."

"खुळी काय गो तू? ब्रेक कोण बघतलो? नवरी सीटवर बसतली!"

"बसू दे की. नंतर सासरी पोचूही दे."

सहदेव जुहूच्या एका हॉटेलात ड्रायव्हर होता. हॉटेलने गाड्या बदलल्या तेव्हा त्याने ही जर्मन गाडी उचलली आणि लग्नांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. चालवायचा तो, सजवायची नीलम. दादरहून फुलं आणायची, बॉनेटवर जाळी विणायची, दारांच्या मुठींना गजरे बांधायचे आणि गाडी निघाली की हात धुऊन डाळीला फोडणी द्यायची. कित्येक वर्षं तिला त्या गाडीचं फक्त बाहेरचं अंग माहीत होतं.

मग सहदेवची साखर डोळ्यांत उतरली. कडेचं दिसायचं, पण मधोमध डाग. चुलत्यांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी एकच सल्ला दिला, गाडी विका. नीलमने कॉलेजच्या पोरींच्या रांगेत बसून मोटार ट्रेनिंगचा क्लास केला. पहिल्याच लग्नात नवरीच्या मामाने तिला स्टेअरिंगवर पाहून विचारलं, "बाई ड्रायव्हर? नवरीच्या गाडीला?"

"नवरी कोण, पुरुष आहे?" नीलम म्हणाली आणि गिअर टाकला.

सहदेव तेव्हापासून बाजूच्या सीटवर. कोट घालून, भांग पाडून, मालकासारखा. पण उजवा पाय स्वस्थ बसायचा नाही. सिग्नल आला, रिक्षा आडवी आली, की तो समोरची मॅट दाबायचा. तिथली मॅट घासून पांढरी पडली होती.

"दाबा तुमचा ब्रेक," नीलम म्हणायची. "माझा मी दाबते."

नवे ब्रेक घालायचं कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं. गेल्या सराईत घाटकोपरला एक वरात होती. ऑटोमॅटिक गाडी, ब्रेकवरचा पाय उचलला की आपोआप पुढे सरकते. बँडच्या मागे मुंगीच्या पावलाने जायचं, तासन्‌तास पाय पेडलवर. जुन्या डिस्क तापून तापून वाकड्या झालेल्या, पेडल उकळत्या पातेल्याच्या झाकणासारखं थरथरत होतं. समोर नवरदेवाचे काका उलटे नाचत होते. नीलमने दाबलं. गाडी थांबली, पण वीतभर पुढे जाऊन. बंपर काकांच्या गुडघ्यामागे टेकला. काकांना वाटलं कोणी मस्करी केली. ते बॉनेटवर थाप मारून आणखी जोरात नाचले. कोणाला काही कळलं नाही. नीलमला कळलं. ती रात्री जेवली नाही आणि पोट बिघडलंय असं सांगून झोपली.

नवे ब्रेक बसवल्यावर प्रितम म्हणाला, "काकी, पॅड आणि डिस्कची आधी सोयरीक जुळवा. मोकळ्या रस्त्यावर वेग धरायचा, कचकन दाबायचं, सोडायचं. परत तेच. मग बघा."

रविवारी सकाळी मिठागरांच्या बाजूच्या रस्त्यावर तिने ते केलं. आयुष्यभर तिला सगळ्यांनी हळू म्हणून सांगितलेलं. हळू बोल, हळू चाल, दार हळू लाव. ती वेग घेई आणि टाच रोवून दाबी, आणि एवढी जडशीळ गाडी मान खाली घालून ऐके. सहदेव पट्ट्यात लोंबकळत "अगो, अगो!" करत होता. जळक्या रबरासारखा वास सुटला. नीलम हसत होती. लग्नानंतर ती एवढी मोठ्याने हसल्याचं सहदेवला आठवेना.

सराईतलं पहिलंच मोठं लग्न घाटकोपरचं, गुजराती घरातलं. मुलगी तेजल, सासर बोरिवलीला. दुपारी पाठवणी. नीलमने पहाटे स्वतः बॉनेट सजवलं होतं. त्यांच्यात पाठवणीला गाडीच्या चाकाची पूजा करतात. कुंकू, तांदूळ, चाकाखाली नारळ. हे तिला नवीन नव्हतं. ती स्टेअरिंगवर बसून राहिली.

तेजलच्या फोईबा, म्हणजे आत्या, हौशी बाई. टायरला कुंकू लावता लावता त्यांना आऱ्यांतून आतली डिस्क दिसली. ताटाएवढी, भोकाभोकांची, चांदीसारखी. "अरे, आ तो नवुं छे!" त्या कौतुकाने म्हणाल्या. नव्याची पूजा नको? हातात होमातल्या उरलेल्या तुपाची वाटी होती. आऱ्यांतून त्यांनी ती सबंध डिस्कवर ओतली आणि हात जोडले.

नीलमने आरशात रिकामी वाटी पाहिली. खाली उतरली, वाकली, बोट फिरवलं, वास घेतला. मग सरळ झाली, खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं आणि चावी काढली.

"गाडी जाणार नाही."

तेजलच्या वडिलांना वाटलं, बक्षिसी हवी असेल. त्यांनी पाकीट पुढे केलं. नीलमने ते पाहिलंसुद्धा नाही. "डिस्कवर तूप पडलंय. पॅडात मुरलं. हे चाक आता धरणार नाही. ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढेल."

"अरे बेन, वाटीभर तूप! देवाचं आहे, शुकन आहे."

"शकुन असू दे. घसरतं ते घसरतंच."

"पुसून टाका ना मग."

"पुसून जात नाही. चाक काढायला लागेल, पॅड बदलायला लागतील. तोवर नाही."

एव्हाना गर्दी जमली. बँडवाले वाजवायचे थांबले. कोणीतरी म्हणालं, बाईला हायवेची भीती वाटते, निमित्त काढतेय. कोणी म्हणालं, पाठवणीच्या वेळी असं अभद्र बोलतात का? फोईबा रडकुंडीला आल्या. आणि मग तेजलच्या काकांना बाजूला उभा असलेला कोटवाला दिसला.

"काका, मालक तुम्हीच ना? तुम्ही तर जुने ड्रायव्हर. तुम्ही बसा. सावकाश घेऊन चला."

सहदेवने टायरकडे पाहिलं. त्याला तूप दिसलं की नाही कोण जाणे. पण इतक्या दिवसांत कोणी त्याला ड्रायव्हर म्हटलं नव्हतं. त्याने कोटाचं बटण लावलं आणि नीलमपुढे हात पसरला.

"दी गो चावी. हळूहळू नेतंय मी. एवढां काय नाय त्यात."

नीलमने चावी कुर्त्याच्या खिशात टाकली आणि वरून मूठ धरली.

"नाही देणार."

"नीलम. लोक बघतत."

"बघू दे. तुम्हालाही नाही देणार. तुम्हाला तर नाहीच."

एवढ्या गर्दीत ते शब्द सगळ्यांनी ऐकले. सहदेवचा हात तसाच पुढे राहिला, मग त्याला काय करायचं ते न सुचून त्याने तो भांगावरून फिरवला. नीलमने ते पाहिलं. मूठ मात्र सुटली नाही.

"पैसे देणार नाही!" तेजलचे वडील ओरडले.

"देऊ नका."

"घाटकोपरात परत तुला कोणी बोलावणार नाही!"

"नाही तर नाही. मुलगी तुमची आहे. गाडी माझी आहे. माझ्या गाडीत बसून ती अशी जाणार नाही."

तेजल शालू सावरत उभी होती, उन्हाने आणि रडण्याने लाल झालेली. ती म्हणाली, "पप्पा, रिक्षा बोलवा."

"रिक्षा? शेठची मुलगी रिक्षातून सासरी जाणार?"

"रोज कॉलेजला रिक्षानेच जायचे ना मी! बोलवा, नाहीतर मी इथेच बसते."

नवरदेव पहिल्यांदाच काही बोलला. "चालेल," म्हणाला.

रिक्षा आली. नीलमने पहाटे विणलेली जाळी बॉनेटवरून उचलली, दारांचे गजरे सोडले आणि सगळं रिक्षाच्या टपावर, आरशांवर बांधून टाकलं. ह्या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बँड सुरू झाला. फोईबा सवयीने पुन्हा तुपाची वाटी भरून पुढच्या चाकाशी वाकल्या, तशी नीलमने त्यांचं मनगट धरलं.

"नारळ ठेवा, फोईबा. तूप पोळीला."

फोईबांना हसू फुटलं, डोळ्यांतलं पाणी तसंच असताना.

रिक्षा गेली, मांडव पांगला. ज्यांना बोलायचं होतं ते जाता जाता बोलून गेले. प्रितमने फोनवर सांगितलं, येतो पॅड घेऊन, गाडी हलवू नका. नीलम फूटपाथवर बसली. सहदेव दोन हात अंतर ठेवून बसला. समोर ते बोडकं बॉनेट.

"चावी दिली असतीस तर," तो म्हणाला, "मी चालवली असती."

"माहितीये. म्हणून नाही दिली."

"चार माणसांत माझी लाज काढलीस."

"काढली," नीलम म्हणाली. "परत वेळ आली तर परत काढीन."

प्रितमने येऊन पॅड बदलले, डिस्क धुऊन काढली. घरी जाताना सहदेवने खिडकीबाहेर तोंड फिरवलं. त्याचा पाय मात्र मॅट दाबत होता.

बुकिंगचे फोन पूर्वीपासून तोच घ्यायचा. घाटकोपरचे दोन फोन बुकिंग रद्द करायला आले. तिसरा भांडुपहून आला. नीलम आत भाकरी थापत होती आणि बाहेरचं ऐकत होती.

"गाडी हा. पांढरी. होय, सजवून." सहदेवने फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण आधीच सांगतंय. चाकाक तेल-तूप काय लावूचा नाय. कुंकू लावा, नारळ ठेवा. ड्रायव्हर? माझी बायको. नाय, मी नाय चालवणंय. चावी तिच्याकडे असता. नाय पटत? मग दुसरी गाडी बघा."

त्याने फोन ठेवला आणि आत पाहून आवाज चढवला.

"हो भांडुपवालो पण गेलो! आणि त्या सीटीचा काय करतलंस ता सांग आधी!"

नीलमने तव्यावरची भाकरी उलटली. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली.