बारावा दोष

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळी नऊ. स्थळ: स्टुटगार्टच्या चढावरचं एक जुनं घर. हजर: परीक्षक हेर क्रेमर, ऐंशी वर्षांच्या घरमालकीण फ्राउ लेन्त्स, आणि मी. गैरहजर: माझे सेफ्टी शूज. ते दाराबाहेर होते.

फ्राउ लेन्त्सनी दार उघडलं, आत स्वच्छ गालिचा दिसला आणि माझ्या हातांनी मला न विचारता लेस सोडल्या.

"फ्राउ जगदाळे, वेळ सुरू झाली आहे," हेर क्रेमर पायांकडे बघत म्हणाले. "शूज?"

परत बांधायचे तर दोन मिनिटं जाणार. मी म्हटलं, राहू देत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

आता परीक्षेबद्दल. मी सिव्हिल इंजिनिअर, वय सत्तेचाळीस. घर विकत घेण्याआधी ते तपासून दोष सांगणाऱ्याला इथे बाउसाखफरश्टेंडिगर म्हणतात. हे नाव लावायला लायसन्स लागत नाही. या देशात गळ टाकून मासा पकडायचा तर परीक्षा आहे, घराला नापास करायला नाही. पण सर्टिफिकेटशिवाय कोणी बोलावत नाही. त्यासाठी आमच्या संस्थेत डिग्री, पाच वर्षांचा अनुभव, सहा मोड्युल, लेखी पेपर आणि शेवटी ही प्रॅक्टिकल: अनोळखी घर, नव्वद मिनिटं, परीक्षकाच्या यादीतले अकरा दोष. त्यातले नऊ सापडले की पास. मागच्या वेळी, दुसऱ्या एका घरात, माझी चेकलिस्ट चौदा पानी होती. खिडक्यांपर्यंत पोचले आणि वेळ संपली. ही दुसरी आणि शेवटची संधी. नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपत होतं.

या वेळी चेकलिस्ट एक पानी केली. छत, तळघर, खिडक्या करून ऐंशी मिनिटांत आठ दोष झाले. नववा काही सापडेना. पॅसेजमधून तिसऱ्यांदा जाताना डावा मोजा गार लागला. पाऊल उचललं, ठेवलं. ओला.

इथे काही सांडलं होतं का, असं मी विचारलं. फ्राउ लेन्त्स नाही म्हणाल्या. मी गालिचा उलटला आणि मॉइश्चर मीटर, म्हणजे ओलावा मोजायचं यंत्र, जमिनीला टेकवलं. आकडा वरच्या टोकाला. तशीच एका ओल्या मोज्यावर तळघरात पळाले. हीटिंगच्या पाण्याचं प्रेशर जवळपास शून्य.

"ते दर आठवड्याला उतरतं," जिन्यावरून फ्राउ लेन्त्स शांतपणे म्हणाल्या. "मी रविवारी पाणी भरते. कॉफीनंतर."

जमिनीखालचा पाइप गळत होता. मी व्हॉल्व्ह बंद केला आणि वर आले. हेर क्रेमर पॅसेजमध्ये गुडघ्यांवर बसून जमिनीला तळहात लावत होते. मग त्यांनी आपली यादी पाहिली.

"हे यात नाही."

"म्हणजे धरणार नाही?" मी विचारलं.

"चार वर्षं मी याच घरात परीक्षा घेतोय. शूज घालून." ते हसायला लागले. मग मी. मग कारण न विचारता फ्राउ लेन्त्ससुद्धा. "आल्झो, तर मग हा बारावा. धरला."

निकाल मी फ्राउ लेन्त्सनी विणलेल्या लाल-हिरव्या लोकरी मोज्यांत ऐकला. प्रॅक्टिकल पास. सेफ्टीत शून्य. सेफ्टीचं अर्ध्या दिवसाचं मोड्युल पुन्हा केल्यावरच सर्टिफिकेट. हे सगळं फोनवर सांगितलं, तर सध्या आमच्याकडे आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "शून्य कशाला? घरात पायताण घालायचं नसतं हे त्या साहेबांना सांगितलं नाहीस का?"

धडा एवढाच: शूज घातले तर जमीन कळत नाही, काढले तर सर्टिफिकेट मिळत नाही.

फ्राउ लेन्त्सच्या बहिणीला जवळच्याच एसलिंगेन गावात घर घ्यायचंय. सर्टिफिकेट हातात आलं की पहिली तपासणी त्याच घराची, आणि मोजे तेव्हाच परत द्यायचे असं ठरलंय. त्याआधी माझ्या यादीत तीन कामं होती. मोजे धुणे, झालं. नवे सेफ्टी शूज, पटकन निघणारे, झालं. सेफ्टी मोड्युलला नाव नोंदवणे, बाकी.