कांद्यातली राणी

मांडवगण फराट्यात रोहिदासआप्पांच्या हॉलमध्ये दारासमोरची जी भिंत आहे, तिच्यावरून नवरा-बायकोत होळीपासून धुसफूस चालली होती. सुवर्णाबाईंना तिथं मोठा टीव्ही हवा होता, आप्पांना तिथं आपली नाणी लावायची होती.

खरं तर आप्पा हट्ट धरणारा माणूस नव्हे. जन्म एस.टी.च्या कंडक्टरकीत गेला. 'पुढं सरका, पुढं जागा हाय' म्हणता म्हणता घसा बसला तो बसलाच. रिटायर झाल्यावरही चार माणसं एकत्र दिसली की आप्पांच्या पोटऱ्या दुखायला लागायच्या. लग्नात पंगत भरलेली दिसली तर हा माणूस न जेवता घरी येऊन पिठलं-भाकरी मागायचा.

नाण्यांचा नाद गाडीतच लागला. थैलीत एखादा भोकाचा पैसा, एखादा जुना ढब्बू पैसा आला की आप्पा पदरचं तेवढंच टाकायचे आणि तो खिशात घालायचे. पुढं मजल शिरूरच्या सोनारापर्यंत गेली. मोडीत आलेले राणीछाप रुपये आटवायच्या आधी आप्पा ते चांदीच्या भावानं उचलून आणायचे. सुवर्णाबाईंच्या गळ्यात मात्र काळी पोतच राहिली. हे त्या स्वतःच सांगतात, येईल त्या पाहुण्याला, चहाच्या आधी.

इतकी वर्षं ही सगळी मंडळी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, धोतराच्या चिंध्यांत झोपून होती. मग आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि जग एकदम धुऊन काढल्यासारखं दिसायला लागलं.

"आता दिसतंय तर बघू काय? तुझा टीव्ही?" आप्पा म्हणाले. "खुर्चीत बसावं, चहा घ्यावा, समोर नाणी असावीत. न्हाई कोण बोलायला, न्हाई कोण उतरायला. एवढंच पायजे मला."

सुवर्णाबाईंनी कपबशी उचलली, आणि टीव्ही आतल्या खोलीत गेला.

प्लास्टिकचा अल्बम आप्पांनी आधीच बाद केला होता. त्यात नाणं घामेजतं आणि हिरवा चिकटा धरतं. सुताराकडून सागवानी चौकट करून घेतली, आत पांढरं मांजरपाट ताणलं, पुढं सरकती काच. मधोमध सगळ्यांत ठसठशीत राणी, भोवती बाकीचे रुपये आणि तांब्याची पिलावळ. पहिल्या दिवशी आप्पांनी खुर्चीत बसून तीन कप चहा घेतला आणि ते चक्क हसले.

दुसऱ्या दिवशी शेजारचा जालिंदर आला. हातात पाच रुपयांची ट्रॅक्टरवाली नोट.

"आप्पा, मोबाईलवर आलंय, हिचं पाच लाख येत्यात. कुठं विकायची, सांगा की!"

"किराणा दुकानात. पाच रुपयाला घेत्यात."

"म्हंजी तुम्ही सांगणार न्हाई तर! एकट्यानंच खावा सगळं."

जालिंदर गेला आणि पारावर बोलला. झालं! गल्लीतली नकुशी देवीचा छाप असलेलं पाचाचं नाणं पदरात बांधून आली. कुणी एक रुपयाच्या जुन्या नोटांची मोळी बांधून आला, कुणी नुसतंच 'किती कोटीचं असंल?' एवढं विचारायला. चांदी महागली होती, त्यामुळं बघणाऱ्यांच्या नजरेला वजनकाट्याची सवय लागली होती. आप्पा खुर्चीतून उठायचे, खुर्ची पाहुण्याला द्यायचे, आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहायचे. पुन्हा तेच उभं राहणं.

कळस केला तो राहू गावाहून आलेल्या एका गॉगलवाल्यानं. आला, नमस्कार केला, खिशातून मूठभर तांदूळ काढले आणि काचेसमोर फरशीवर पसरले.

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"आप्पा, तांदूळ ओढणारं जादूचं नाणं तुमच्याकडं हाय म्हणत्यात. त्याला कोटी देणारं गिऱ्हाईक हाय. इथं कळतंच लगेच."

दोघं खाली बघत राहिले. तांदूळ जागचे हलले नाहीत. तेवढ्यात सुवर्णाबाईंची कोंबडी आत आली आणि तिनं ते सगळे ओढले. गॉगलवाला जाताना कोंबडीकडंच बघत गेला.

त्या दिवसापासून सुवर्णाबाईंना धसका बसला. "ह्या गॉगलवाल्यांपायी कवातरी आपला गळा कापला जायचा. उचला ती भिंतीवरनं."

आप्पा थकले होते. बँकेचा लॉकर शिरूरला. तिथं ठेवायची म्हणजे बघायला पुन्हा एस.टी.नं जायचं, आणि एस.टी.त पाय ठेवायची कल्पनाच नको वाटायची. शेवटी त्यांनी नाणी डब्यात भरली, अन् डबा कांद्याच्या चाळीत, ढिगाच्या पार तळाशी पुरला. कांद्याचा वास नाकात गेल्यावर कोण खाली उकरायला जातंय! रिकामी चौकट भिंतीवर तशीच राहिली. आप्पा तिच्यासमोर बसून चहा घ्यायचे. सुवर्णाबाईंना ते बघवायचं नाही, पण त्या तसं म्हणायच्या नाहीत.

पावसाळ्यात कांदा सडला, पाणी सुटलं. दिवाळीच्या आधी उरलासुरला कांदा निघाला तेव्हा डबा वर आला. आप्पांनी झाकण उघडलं आणि तिथंच पोत्यावर बसले. चांदीची झाडून सगळी नाणी काळीठिक्कर. राणीचं नाक तेवढं ओळखू येत होतं. कांद्याच्या वाफेनं चांदी काळवंडली होती. इतकी वर्षं नाणी सांभाळणाऱ्या माणसाला घरच्या कांद्याचं ध्यानात आलं नव्हतं.

कांद्याचा भाव विचारायला आलेला जालिंदर वाकून बघत म्हणाला, "आयला आप्पा, ही तर लोखंडाची निघाली! सोनारानं गंडवलं तुम्हाला."

आप्पांनी तोंड उघडलं, पण बोलायचा कंटाळा आला. "व्हय बाबा," ते म्हणाले.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. नकुशीनं सुवर्णाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ द्या काकू, पुरुषमाणसाला नाद असतोयच. दारूपरीस बरं."

सुवर्णाबाई तरातरा घरी आल्या. "लोक फसलेला म्हणत्यात तुम्हाला! पितांबरी लावते, घासते एकेक, मग बघू दे सगळ्यांना."

"घासायचं न्हाई. घासलं की छाप झिजतो."

"मग नाचक्की झाली तरी चालंल?"

आप्पांनी डबा काखेत मारला. ते स्टुलावर चढले आणि एकेक काळं नाणं मांजरपाटावर लावत बसले. मधोमध राणी. मग खुर्चीत टेकले. दिवस गेले, कुणी आलं नाही. जालिंदर आला तो सरळ आतल्या खोलीत टीव्ही बघायला गेला, भिंतीकडं मान वळवली नाही. आप्पांनी पाय लांब केले.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ते चहा घेऊन बसले, तर काळ्या नाण्यांच्या मधोमध राणी लखलखत होती. दारातून दिसत होती. सुवर्णाबाई सैपाकघरात होत्या, बोटं अजून पितांबरीनं माखलेली.

"एकच घासलीय," त्या आतूनच म्हणाल्या. "आपल्या घरात चांदी हाय, एवढं मला तरी दिसू दे."

आप्पांनी उठून राणी जवळून बघितली. छाप थोडा झिजला होता, पण दिसायला छान दिसत होती. बाहेर जालिंदरच्या चपला वाजल्या. आप्पांनी काच सरकवली, राणी मुठीत घेतली आणि सैपाकघरात आले. देवापुढच्या पाटावर त्यांनी ती ठेवली.

"आज हितं बघ, पोटभर," ते हळूच म्हणाले. "पूजा झाली की एक कांदा चिर."

"तो कशाला?"

"हिला वाटीत घालून वर झाकण ठेवायचंय, काळी होईस्तवर."

सुवर्णाबाईंनी कपाळाला हात लावला, अन् टोपलीतून त्यातल्या त्यात तिखट कांदा शोधायला लागल्या.