धाकट्या मामंजींची ओळख

उभ्या आयुष्यात धाकट्या मामंजींनी कुणाला तोंडावरून ओळखल्याचं कुणी दाखवून द्यावं, मी नाव बदलीन. धाकटे मामंजी म्हणजे माझे चुलतसासरे. समोरच्या डोंगरावर फिरणारी घार त्यांना अंगणातून दिसे, तेव्हा डोळ्यांत दोष नव्हता. पण माणसाचं तोंड काही केल्या ध्यानात राहत नसे. थोरल्या मुलानं मिशी काढली, तर त्यालाच पाट मांडून गूळपाणी पुढं केलं आणि विचारलं, "पावनं कुठलं?" मुलगा ओशाळून खाकरला मात्र, "आरं, तू व्हय रं? मग आदी खोकायचं नाय का?" त्यामुळे त्यांच्या ओटीवर चढणारा, सर्दी असो नसो, आधी खोकून घेई. "कोन हाय?" ला नुसतं "मी" म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मी म्हंजे कोन? मीबी मीच हाय."

ही विद्या वटवाघळांची, असं त्यांचं म्हणणं. खळ्यामागच्या चिंचेवर वटवाघळांचा हा गोतावळा लोंबत असे आणि खाली मामंजी भर उन्हाळ्यात छत्री उघडून बसत. छत्री कशाला, ते एकदा तिथं बसलं की कळे. कोणाची फांदी कोणती, कोण कोणाशी भांडतं, सगळं त्यांना आवाजावरून ठाऊक. त्यातल्या सर्वांत कजाग मादीला त्यांनी आपल्या विहिणीचं नाव ठेवलं होतं. विहीणबाई मुक्कामाला आल्या की आम्ही त्यांना खळ्याकडं फिरकू देत नसू.

मी घाटावरची. सासरी पदर नाकापर्यंत ओढायचा, म्हणजे मामंजींनी माझं तोंड पाहायचा प्रश्नच नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. आईनं मला पोराचं काही करू दिलं नाही. मुलाला घेऊन सासरी आले, तर दोन्ही जावांची बाळंही तेवढीच. एकाच तुळईला तिघांच्या झोळ्या, त्याही सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांच्या, आणि तिघांनाही एकाच डबीतलं काजळ. बाळ रडलं की जावा चुलीपासूनच सांगत, "तुझा गं." मला तिन्ही आवाज सारखेच लागत. एका दुपारी अंधाऱ्या माजघरात रडणारं बाळ उचलून मी पाजायला घेतलं, तर थोरली जाऊ म्हणाली, "बाई, तो माझा हाय. तुझा निजलाय."

सगळ्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मला ते लागलं. पोटचं पोर जिला ओळखू येत नाही, ती कसली आई? मी खळ्यामागं जाऊन रडत बसले. छत्रीखालून आवाज आला, "धाकटी सून व्हय गं? रडू नको. उद्या उजाडताना हितं ये."

सकाळी गेले. रात्रभर फळं खाऊन वटवाघळं परतत होती आणि मागं राहिलेली पिल्लं एकच कालवा करत होती. मामंजींनी एका मादीकडं बोट दाखवलं. ती एका पिल्लाजवळ गेली, त्याचं रडणं ऐकलं, सरकली. दुसऱ्याचं ऐकलं, तिथूनही सरकली. तिसऱ्याला मात्र तिनं पंखाखाली घेतलं.

"बगितलंस?" मामंजी म्हणाले. "तीबी दोनदा चुकली. पन कोन हसलं का तिला? आता पोर रडलं का लगेच धावू नको. डोळं मीट, आदी ऐक."

मी ऐकायला लागले. भाकरी थापताना, भांडी घासताना. काही दिवसांनी तिन्ही पोरं एकदम रडली. मी पिठाच्या हातांनी डोळे मिटून उभी राहिले. त्यातलं एक रडणं मधेच उचकी लागल्यासारखं तुटत होतं. सरळ त्याच झोळीशी गेले. माझाच होता. ओटीवरून मामंजी एवढंच म्हणाले, "हां."

त्या एका "हां"चे उपकार मी जन्मभर मानत आले. पुढं पोरं मोठी झाली, घरातले पदरही मागं सरले. मामंजी अंथरुणाला खिळले, तेव्हा वाटलं, या माणसानं एकदा तरी आपलं तोंड पाहावं. पदर खांद्यावर घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "कुठली गं पावनी तू?"

मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. मी नाक ओढलं मात्र, त्यांनी माझा हात धरला.

"धाकटी व्हय? मग तोंड काय दाखवतीस गं? आदीच रडायचं ना."