शिगेचं माप

तानुबाईशी भांडण काढायला मन नावाच्या नदीच्या काठावरल्या त्या गावात कोणी सहसा धजत नाही. बाई साठीला टेकलेली, अंगानं काटकुळी, पण तोंड असं तिखट की बाळापूरच्या बाजारातले दलालही तिच्या पाटीला विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. ज्यानं लावला त्याच्या सात पिढ्या तिनं भर बाजारात काढल्या. तिला सगळे भितात आणि मनातून शिव्या घालतात. तिलाही ते ठाऊक आहे आणि तिचं त्यावाचून काही अडत नाही.

माहेर रिद्धपूरकडचं. लग्न होऊन या भाजीपाला पिकवणाऱ्या, माळव्याच्या घरात आली तेव्हा सासूनं पहिली गोष्ट शिकवली ती मापाची. मिरची असो, वाल असो, माप शिगेनं द्यायचं, वर टेकडी दिसली पाहिजे. भरल्या मापावरून बोट फिरवून ते सपाट करणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकणं, असं सासू म्हणायची. या घरातली पोरं हे बोलायला लागायच्या आधी शिकायची. आता काटे आले, तरी तोलून झाल्यावर वर एक मूठ पडतेच.

या घरात एकच माप सपाट भरलं जायचं, ते बंदुकीच्या दारूचं. तानुबाईचा नवरा देवमन याच्याकडे पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती, बापाच्याही आधीची. रानडुकरांचा कळप नाल्यातून वर आला की तो गोळी न घालता नुसता बार काढायचा. पितळेच्या लहानशा मापानं दारू घ्यायची, बोटानं सपाट करायची, नळीत ओतायची, वरून चिंधी ठासायची. ते माप त्याच नळीसाठी केलेलं. देवमननं हे काम घरात फक्त बायकोला शिकवलं. "वांगे शिगेनं दे, दारू सपाट," तो म्हणायचा. "नळी म्हातारी हाये. जरा जास्त झालं त डुक्कर ऱ्हाते बाजूले, आपलंच थोबाड जाते."

देवमन काविळीनं गेला आणि त्याची तेरवी होते न होते तोच धाकटा भाऊ गोवर्धन बंदुकीवर हक्क सांगायला उभा राहिला. हाच गोवर्धन, ज्याचं वाहतं नाक तानुबाईनं नवी नवरी असताना पदरानं पुसलं होतं. ठाण्यात जाऊन तो म्हणाला, "सायेब, बाईमानसाच्या हातात बंदूक? उद्या कोनाले उडवन ते." तानुबाई ठाण्याच्याच ओसरीत बसून ऐकत होती. तिनं अकोल्याला खेटे घालून चपला झिजवल्या आणि परवाना आपल्या नावावर करून आणला. घरी येऊन गोवर्धनाच्या दारासमोर उभी राहिली आणि त्याला अशा शिव्या दिल्या की शेजारच्यांनी दारं लावून घेतली. ते शेवटचं बोलणं. त्या दिवशी दोघांचा अबोला सुरू झाला.

आता अबोल्याचा तिथला एक कायदा आहे. जो आधी बोलला, त्याची चूक. मग तो खरा असो की खोटा, ते कोणी विचारत नाही. दोघांची वावरं लागून, विहीर एक, तेव्हा बोलण्यावाचून भागणारही नव्हतं. ते ओझं पडलं गोवर्धनाच्या बायकोवर, मंजुषावर. तानुबाई दिराच्या देखत म्हणायची, "मंजे, तुया नवऱ्याले सांग, पाटाचं पानी सोड म्हना." गोवर्धन तिथंच उभा राहून म्हणायचा, "सांग तुया जावले, सोडतो म्हना." मंजुषा बिचारी या तोंडाकडून त्या तोंडाकडे मान फिरवत राहायची. आठ-नऊ वर्षं हे चाललं. दोघांपैकी एकालाही कधी लाज वाटली नाही.

यंदाच्या हिवाळ्यात तानुबाई दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून घसरली आणि उजवा हात मोडला. हात प्लास्टरात, आणि डुकरांना जणू बातमीच लागली. दोन दिवसांत तिच्या फुलकोबीचा आणि गोवर्धनाच्या कांद्याचा चिखल केला. मंजुषानं मध्ये पडून जमवलं, की तानुबाईनं बंदूक द्यावी आणि गोवर्धनानं दोघांच्या वावरासाठी बार काढावा. परवाना एकाचा आणि हात दुसऱ्याचा, हे कायद्यात बसत नव्हतं, पण कोबी डोळ्यांदेखत चालली होती. "दे म्हना," तानुबाई म्हणाली, "पन माया डोयासमोर भरायची."

दिवस मावळतीला तिघं धुऱ्यावर आली. मंजुषा एका दमात इकडचं तिकडे सांगत होती तोवर घराकडून शेळ्या सुटल्याची ओरड आली आणि ती धावत गेली. उरले दोघं.

गोवर्धनानं पितळी माप काढलं आणि दारूत बुडवलं. माप वर आलं ते शिगेचं. वर नीट टेकडी. जन्मभर हात जसा चालला तसाच चालला.

तानुबाईनं ते पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मंजुषा कुठं दिसते का म्हणून तिनं घराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. 'सपाट कर,' एवढं म्हणायचं होतं. पण हे दोन शब्द म्हणजे ठाण्यातलं ते बोलणं गिळणं, हरणं. ती पुढे झाली आणि डाव्या हाताचं बोट तिनं मापावरून फिरवलं. वरची दारू मातीत पडली.

गोवर्धनाचं डोकं फिरलं. या बाईनं घर घेतलं नाही एवढंच, बाकी सगळं घेतलं, आणि आता आपल्या कामासाठी बार काढणाऱ्याला ही मापावरून बोट फिरवते, भिकाऱ्याला फिरवावं तसं. त्यानं तिच्या डोळ्यात डोळे घालून माप पुन्हा बुडवलं. पहिल्याहून मोठी टेकडी घेतली. नळीत ओतलं, चिंधी कोंबली, दात खाऊन ठासली.

तानुबाई दोन पावलं मागं सरली. आणि गप्प राहिली.

गोवर्धनानं तिथंच चाप ओढला; तो बार डुकरांसाठी नव्हताच. नळी बुडाशी उभी फाटली. गोवर्धनाचा उजवा डोळा गेला, डाव्या हाताची दोन बोटं गेली. फुटकी बंदूक आणि परवाना पोलिसांनी नेला. गावानं निकाल देऊन टाकला, की तानुबाईनं सूड घेतला, मागं सरताना पाहिलं म्हणे कोणीतरी. मंजुषानं तिच्या दारात माती फेकली. या वेळी तानुबाईनं कोणाला उलटून शिवी दिली नाही, आणि गावाला तोच पुरावा वाटला.

आठवड्यानं ती अकोल्याच्या दवाखान्यात गेली. तिला पाहताच मंजुषा उठून बाहेर निघून गेली. गोवर्धनाचे दोन्ही डोळे पट्टीखाली होते. खाटेशी कोणीतरी उभं आहे एवढं त्याला कळलं. श्वास ऐकून त्यानं ओळखलं असावं.

"वहिनी," तो म्हणाला.

तानुबाईनं खाटेचा दांडा धरला.

"तुमाले मालूम होतं, नळी फुटन म्हनून?"

"होतं."

"मंग बोलल्या काहून नाही?"

बाजारात जिच्या पुढं दलाल चळचळा कापतात, ती खरं तेच बोलली.

"तू पयले बोलशीन म्हनून थांबली."

गोवर्धन पट्टीखाली हसला की काय, ते कळलं नाही.

"बोललो ना आता, मीच पयले," तो म्हणाला. "जितल्या तुमी. जा घरी."

आणि त्यानं भिंतीकडे तोंड केलं.